टेर स्टेगनची सुरुवातीची वर्षं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जर्मन गोलकीपर मार्क-आंद्रे टेर स्टेगनचा विषय निघाला की बहुतेक जण थेट बार्सिलोनापासून सुरू करतात, त्याआधी त्याने अठरा वर्षं एकाच क्लबमध्ये काढली त्याचा कुणी उल्लेखच करत नाही. म्हणून इथे जन्मापासून साधारण २०१७ पर्यंतचंच घेतलंय. पुढचं सगळ्यांना माहितीये.

हा मूळचा कुठला? बार्साच्या अकॅडमीतला का?

नाही हो. जन्म ३० एप्रिल १९९२, गाव मोंशनग्लाडबाख, जर्मनीच्या पश्चिमेला, नेदरलँड्सच्या बॉर्डरपासून जवळच. क्लब पण गावातलाच, बोरुसिया मोंशनग्लाडबाख. चार वर्षांचा असताना क्लबच्या पोरांच्या टीममध्ये गेला आणि बाहेर पडला तो २०१४ मध्ये, डायरेक्ट बार्सिलोनाच्या मैदानावर, कॅम्प नोऊला. मधे दुसरा क्लब नाही, कुठे लोनवर (उधारीवर) पाठवणं नाही. आजकाल असं फार कमी बघायला मिळतं.

क्लबबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्याकडे जर्मनी म्हटलं की बायर्न नाहीतर डॉर्टमुंड. सत्तरच्या दशकात ग्लाडबाखने पाच वेळा बुंडेसलीगा (जर्मनीची टॉप लीग) जिंकलीये, १९७०, ७१, ७५, ७६ आणि ७७, तेव्हा बायर्नला खरी टक्कर हेच द्यायचे. पण टेर स्टेगन मोठा होत होता तेव्हा ते वैभव फक्त म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरलं होतं, १९९९ आणि २००७ असा दोनदा क्लब सेकंड डिव्हिजनला गेला. म्हणजे पोरगा मोठ्या नावाच्या पण फाटक्या खिशाच्या क्लबमध्ये वाढला, आणि पुढे त्याला लवकर संधी मिळाली त्यात या गोष्टीचा मोठा हात आहे असं माझं मत.

लहानपणापासून गोलकीपरच होता का?

नव्हता. सुरुवातीला पुढे खेळायचा, गोल मारायला. दहाच्या आसपास गोलमध्ये उभा राहिला आणि मग तिथलाच झाला. त्याच्या पायातल्या सफाईचं श्रेय बरेच जण याला देतात, मला ते अर्धंच पटतं. खरं कारण पुढच्या प्रश्नात आहे.

मग पायाने एवढा चांगला कसा काय?

जन्माचं साल बघा. १९९२ लाच बॅक पासचा नियम बदलला. त्याआधी डिफेंडरने पायाने मागे बॉल दिला की कीपर आरामात हातात उचलायचा, दोन टप्पे टाकायचा, वेळ काढायचा, लोक कंटाळायचे. १९९२ पासून ते बंद, पायाने दिलेला पास हातात घेतला की समोरच्याला इनडायरेक्ट फ्री किक. तेव्हाच्या मोठमोठ्या कीपर लोकांच्या नाकी नऊ आले होते, कारण तिशीत येऊन पायाने खेळायला शिकायचं म्हणजे काय चेष्टा आहे का.

टेर स्टेगनच्या बॅचने मात्र जुना नियम बघितलाच नाही. त्यांच्यासाठी कीपर म्हणजे पहिल्या दिवसापासून पायाने पण खेळणारा माणूस. त्यात २००० च्या युरोमध्ये जर्मनी ग्रुपमध्येच बाहेर पडली, एकही मॅच न जिंकता, मग जर्मन फुटबॉलवाले खडबडून जागे झाले आणि व्यावसायिक क्लबना अकॅडमी चालवणं सक्तीचं केलं. तेव्हा हा आठ-नऊ वर्षांचा. चांगले कोच, चांगली मैदानं, कीपरला वेगळा कोच, हे सगळं याच्या वाट्याला अगदी योग्य वयात आलं. २००९ मध्ये जर्मनीत १७ वर्षांखालची युरो झाली, ती जर्मनीनेच जिंकली, फायनलला नेदरलँड्सला एक्स्ट्रा टाइममध्ये २-१, त्या टीमचा कीपर हाच आणि टीममेट मारिओ गोट्झे.

त्याला घडवलं कुणी?

एक नाव घ्यायचं तर उवे काम्प्स. बाहेर फार माहीत नाही पण ग्लाडबाखमध्ये देवमाणूस. १९८२ ते २००४ एकाच क्लबचा कीपर, आणि १९९२ मध्ये, म्हणजे आपला हिरो जन्मला त्याच वर्षी, जर्मन कपच्या सेमीफायनलला लेव्हरकुसेनच्या शूटआउटमधल्या चारही पेनल्टी अडवल्या. चारच्या चार! रिटायर झाल्यावर तिथेच कीपरचा कोच झाला. टेर स्टेगन सीनियर टीममध्ये आला तेव्हा रोजचा सराव याच माणसाकडे.

पहिली मॅच कधी मिळाली आणि कशी?

१० एप्रिल २०११, घरच्या मैदानावर, समोर कोलोन. वय अठरा, एकोणीस पूर्ण व्हायला वीस दिवस बाकी.

पण त्याआधीची परिस्थिती कळल्याशिवाय यात मजा नाही. २०१०-११ चा सीझन ग्लाडबाखसाठी म्हणजे नुसती धूळदाण. ऑगस्टमध्ये लेव्हरकुसेनला त्यांच्या घरी ६-३ ने धुतलं आणि पुढच्याच महिन्यात स्टुटगार्टकडून ७-० खाल्ले, यावरून अंदाज घ्या. फेब्रुवारीत क्लब टेबलच्या तळाशी, कोच मिखाएल फ्रोंटझेकला काढलं आणि स्वित्झर्लंडचा लुसियाँ फाव्र आला. शांत, बारीक बारीक गोष्टींत डोकं घालणारा, थोडा काळजीखोर स्वभावाचा माणूस.

मेन कीपर तेव्हा बेल्जियमचा लोगन बायी. दिवस असला की अशक्य सेव्ह काढायचा, नसला की सगळ्या टीमच्या छातीत धडधड. क्रिस्टोफर हायमेरोथ नावाचा दुसरा अनुभवी कीपर पण होता. आणि टेर स्टेगन रिझर्व्ह टीममधून चौथ्या डिव्हिजनमध्ये खेळत होता, जिथे कधी कधी प्रेक्षकांपेक्षा मैदानाबाहेरच्या गाड्या जास्त असतात. आता तुम्ही कोच असाल तर रेलिगेशनच्या (खालच्या डिव्हिजनला जाण्याच्या) तोंडावर, सीझनच्या शेवटच्या सहा मॅचेसना, अठरा वर्षांच्या पोराला गोलमध्ये उभं कराल का? आणि ते पण कोलोनविरुद्ध, जी त्या भागातली सगळ्यात कडवट डर्बी. फाव्रने केलं. ग्लाडबाखने ५-१ ने मारलं आणि पोराची जागा पक्की.

लोक याला धाडस म्हणतात. मला विचाराल तर फाव्रने हिशोब केला होता. त्याला मागून पासिंग करत खेळायचं होतं, त्यासाठी न घाबरता बॉल मागणारा कीपर हवा होता, आणि असा तिघांत एकच होता.

त्या सीझनला क्लब वाचला की नाही?

वाचला, पण जीव टांगणीला लागला होता. कोलोननंतर दोन आठवड्यांनी डॉर्टमुंड घरी आली, युर्गन क्लॉपची, त्याच वर्षी लीग जिंकलेली टीम. ग्लाडबाखने १-० ने हरवली आणि टेर स्टेगनने एकामागून एक सेव्ह काढले, जर्मनीभर त्याचं नाव झालं ते त्या दिवशी. शेवटी ३६ पॉइंट्स, सोळावा नंबर. सोळाव्या नंबरवाल्याला सेकंड डिव्हिजनच्या तिसऱ्या टीमशी दोन मॅचेस खेळाव्या लागतात, ती आली बोखुम. घरची मॅच ०-० च जाणार असं वाटत असताना इंज्युरी टाइममध्ये इगोर डी कामार्गोने गोल मारला, १-०. बोखुमला गेल्यावर ग्लाडबाखच्याच नोर्टव्हाइटकडून स्वतःच्या गोलमध्ये बॉल गेला, सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं, मग मार्को रॉईसने बरोबरी केली. १-१, बेरीज २-१. बास, वाचले.

एक विचार करा, ती मॅच हरले असते तर? रॉईस गेला असता, फाव्र राहिला असता की नाही देव जाणे, आणि टेर स्टेगन सेकंड डिव्हिजनला.

बायर्नला हरवलेली मॅच कुठली? सगळे तिचंच नाव घेतात

७ ऑगस्ट २०११, नवीन सीझनची पहिलीच मॅच, म्युनिकला. ही सगळ्यांनी बघावी अशी आहे, कारण दोन्ही गोलमध्ये कोण उभं होतं ते बघा.

एकीकडे मानुएल नॉयर, शाल्केहून मोठ्या रकमेला आणलेला, जर्मनीचा एक नंबर, बायर्नकडून बुंडेसलीगातली पहिली मॅच. दुसरीकडे हा, वय एकोणीस. बायर्नने पूर्ण वेळ बॉल ठेवला पण गोल काही होईना. बासष्टाव्या मिनिटाला ग्लाडबाखने लांब बॉल टाकला, नॉयर बाहेर धावत आला, येरोम बोआटेंग पण मागे धावत होता, दोघांना वाटलं दुसरा घेईल, आणि मधल्या मधे डी कामार्गोने डोकं लावलं. रिकाम्या गोलमध्ये बॉल. १-०, आणि तसंच संपलं.

पुढे जानेवारीत बायर्न ग्लाडबाखला आली तेव्हा पण नॉयरने किक मारली ती सरळ रॉईसच्या पायात, त्याने गोल केला, ३-१. त्या एका सीझनपुरतं बोलायचं तर समोरासमोर लहान्याने मोठ्याला खाऊन टाकलं. पण मार्चमध्ये कपच्या सेमीफायनलला तेच दोघे परत आमनेसामने, १२० मिनिटं ०-०, शूटआउट, ग्लाडबाखचा डिफेंडर दान्तेने वरून मारली, नोर्टव्हाइटची नॉयरने अडवली आणि बायर्न ४-२ ने पुढे. ज्या दिवशी खरंच काही पदरात पडणार होतं त्या दिवशी नॉयर जिंकला. पुढची कित्येक वर्षं हेच चालू राहिलं, म्हणून हे इथे एवढं लांबवलं.

२०११-१२ ला एवढे कमी गोल खाल्ले ते त्याच्यामुळे की फाव्रमुळे?

आकडा: ३४ मॅचेसमध्ये २४ गोल. आदल्या वर्षी शेवटून तिसरी असलेली टीम ६० पॉइंट्स घेऊन चौथी आली, आणि चॅम्पियन डॉर्टमुंडने पण त्यांच्यापेक्षा एक गोल जास्त खाल्ला होता. तो सगळ्या मॅचेस खेळला.

दोघांमुळे, पण फाव्रचा वाटा जास्त असं मी म्हणेन, यावर भांडायला कुणीही या. चार-चारच्या दोन ओळी एकमेकींना इतक्या चिकटून ठेवायचा की मधून पास जायला फटच नसायची, आणि समोर दान्ते उभा. टेर स्टेगनवर फार शॉट्स यायचेच नाहीत. पण कमी शॉट्स येतात तेव्हा कीपरचं काम सोपं होतं असं नाही, अर्धा तास काही नाही आणि अचानक एक जण समोर एकटा, तिथे डोकं जागेवर लागतं, आणि ते त्याच्याकडे होतं.

ग्लाडबाखकडून चॅम्पियन्स लीग खेळला का?

ग्रुपमध्ये नाही. २०१२ च्या ऑगस्टमध्ये क्वालिफायरला डायनॅमो कीव्हने घरी ३-१ ने हरवलं, तिकडे जाऊन हे २-१ जिंकले, एका गोलने हुकलं. त्या उन्हाळ्यात रॉईस डॉर्टमुंडला, दान्ते बायर्नला, नॉयश्टेटर शाल्केला, अर्धी टीम विकली गेली होती. युरोपा लीगमध्ये लाझिओने घरी पाठवलं.

जर्मनीकडून सुरुवात एवढी वाईट का झाली?

झाली खरी. २६ मे २०१२, बाझलला स्वित्झर्लंडविरुद्ध फ्रेंडली, पदार्पण आणि जर्मनी ३-५ ने हरली. एरेन डेर्डियोकने हॅटट्रिक मारली. बायर्नचे खेळाडू नुकतेच चॅम्पियन्स लीगची फायनल हरून दमलेले म्हणून नव्हते, समोरचा डिफेन्स कधी एकत्र खेळलेला नव्हता, पण स्कोअरबोर्डवर ही कारणं लिहून येत नाहीत. दोन दिवसांत युरोची टीम कमी केली त्यात काकाऊ, स्वेन बेंडर, ड्रॅक्सलर आणि हा, असे चार जण घरी.

मग २ जून २०१३, वॉशिंग्टनला अमेरिकेविरुद्ध. डिफेंडरने मागे साधा पास दिला, बॉल टेर स्टेगनच्या पायाखालून निसटून हळूहळू गोलमध्ये. ४-३ ने हरले. ज्याची ओळखच पायाची, त्याने पायानेच असा गोल खाल्ला म्हटल्यावर पेपरवाल्यांची चंगळ.

खापर त्याच्यावर फोडणं सोपं होतं. पण या मॅचेस बघा कुठल्या होत्या, सगळ्या फ्रेंडली, अर्धी टीम विश्रांतीवर, आणि नॉयर नाही म्हणून याला संधी. नेहमीची टीम समोर असताना त्याला तपासलंच नाही. आपल्याकडे धोनी असताना पार्थिव पटेल आणि दिनेश कार्तिक यांचं जे झालं तेच, वर्षातून दोनदा चान्स मिळणार आणि त्यात चुकलात की लोक म्हणणार बघा, म्हणूनच धोनी हवा.

मेस्सीची पेनल्टी खरंच अडवली होती? की नेटवरची थाप?

खरंच. १५ ऑगस्ट २०१२, फ्रँकफर्टला अर्जेंटिनाशी फ्रेंडली. तिसाव्या मिनिटाला कीपर रॉन-रॉबर्ट झीलरला रेड कार्ड आणि पेनल्टी. थॉमस म्युलरला बाहेर काढून टेर स्टेगनला आत घातलं, वॉर्मअप नाही काही नाही, ग्लोव्हज चढवून सरळ लाइनवर, समोर मेस्सी. झेपावला आणि अडवली. जर्मनी तरी १-३ ने हरलीच, मेस्सीने नंतर गोल केलाच, पण दोन वर्षांनी दोघे एकाच ड्रेसिंग रूममध्ये बसले तेव्हा ओळख करून द्यायची गरज पडली नसणार.

लेनो आणि हा, दोघांत भारी कोण होता?

हा वाद जर्मनीत खूप चालायचा. कीपर बर्न्ड लेनो पण १९९२ चाच, मार्चचा, २००९ च्या त्या १७ वर्षांखालच्या टीममध्ये दोघे होते. लेनो स्टुटगार्टचा, २०११ मध्ये लेव्हरकुसेनचा रेने अॅडलर जखमी झाला म्हणून लोनवर गेला आणि तिथलाच झाला. चॅम्पियन्स लीग आधी लेनो खेळला. शॉट अडवण्यात उन्नीस-बीस, मला लेनोचे रिफ्लेक्स थोडे जास्त आवडायचे. पायाने आणि पुढे उभं राहण्यात टेर स्टेगन स्पष्ट पुढे. बार्सिलोनाला जे हवं होतं ते याच्याकडे होतं, संपला विषय.

२०१४ च्या वर्ल्डकपला होता का?

नव्हता. नॉयर, वायडेनफेलर आणि झीलर गेले. जर्मनी जिंकली.

बार्सिलोनाने त्यालाच का उचललं?

बार्साच्या तेव्हाच्या कीपरने, व्हिक्टर वाल्देसने, आधीच सांगून टाकलं होतं की २०१४ ला मी चाललो, त्यात मार्चमध्ये त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं. म्हणजे जागा रिकामी होणार हे जगजाहीर. स्पोर्टिंग डायरेक्टर होता आंदोनी झुबिझारेता, तो स्वतः बार्साचा आणि स्पेनचा जुना कीपर, त्यामुळे कीपर निवडताना त्याचं ऐकलं जायचं. बार्साच्या कीपरला हात चालवण्याइतकाच पास द्यावा लागतो, आणि युरोपात बाविशीत शंभरच्या वर टॉप लीगच्या मॅचेस खेळलेला, पायाने असा खेळणारा दुसरा कोण होता? ग्लाडबाखकडून बुंडेसलीगात १०८ मॅचेस. मे २०१४ मध्ये जाहीर झालं, किंमत सव्वा कोटीच्या आत, १.२ कोटी युरो. आजच्या भावात ही रक्कम ऐकून हसू येतं.

ग्लाडबाखवाले चिडले नाहीत?

वाईट वाटलं, चिडण्यासारखं काही नव्हतं. त्याने करार वाढवला नाही पण आधीच स्पष्ट सांगितलं, एक वर्ष बाकी असताना गेला त्यामुळे क्लबच्या हातात पैसे आले, फुकट गेला नाही. शेवटच्या होम मॅचला माइन्झविरुद्ध जिंकल्यावर स्टँडसमोर रडला. क्लबने बाझलहून यान झोमरला आणलं आणि तो पण हिराच निघाला.

त्याच्या आधी ग्लाडबाखचा कुणी कीपर बार्सिलोनाला गेला होता का?

गेला होता, आणि ही गोष्ट माहीत असायला हवी. रॉबर्ट एन्के. १९९६ ला पूर्व जर्मनीतल्या येनाहून ग्लाडबाखला आला, दोन वर्षं उवे काम्प्सच्या मागे बेंचवर बसला, काम्प्स जखमी झाल्यावर खेळला, मग बेनफिका, आणि तिथून २००२ ला बार्सिलोना. तिथे सुरुवातीलाच कोपा डेल रेमध्ये (स्पेनचा कप) नोव्हेल्दा नावाच्या थर्ड डिव्हिजनच्या टीमकडून ३-२ ने हरले, स्वतःच्याच टीममधल्या सीनियरने जाहीरपणे त्याच्याकडे बोट दाखवलं, आणि त्यानंतर त्याला विचारलंच नाही कुणी. मग फेनरबाचे, टेनेरिफे, शेवटी हॅनोव्हरला जाऊन परत उभा राहिला, जर्मनीच्या टीमपर्यंत पोचला. पण डिप्रेशन वर्षानुवर्षं आतून चालू होतं, बाहेर कुणाला सांगितलं नव्हतं, आणि नोव्हेंबर २००९ मध्ये त्याने आयुष्य संपवलं. ३२ वर्षांचा होता.

टेर स्टेगन तेव्हा सतरा वर्षांचा, ग्लाडबाखच्या ज्युनियर टीममध्ये. म्हणजे कीपर म्हणून वरच्या पायरीवर पाय ठेवायच्या आधीच या पोरांनी या कामाची सगळ्यात काळी बाजू बघितली होती. एन्के आणि टेर स्टेगन दोघांना जवळून बघितलेला माणूस म्हणजे काम्प्स. बार्सिलोनाच्या बेंचवर बसलेल्या जर्मन कीपरला "बसलाय नुसता, पैसे मोजतोय" असं म्हणणाऱ्यांनी आधी हे वाचावं.

बार्साने १.२ कोटी दिले आणि लीगमध्ये खेळवलंच नाही?

पहिल्या वर्षी एक मिनिट पण नाही. त्याच उन्हाळ्यात कीपर क्लाउडिओ ब्राव्होला पण आणलं होतं, वय ३१, चिलीचा कॅप्टन, स्पेनमध्ये मुरलेला. सीझन सुरू होताना टेर स्टेगनची पाठ दुखावली, ब्राव्हो उभा राहिला आणि पठ्ठ्याने पहिल्या आठ मॅचेसमध्ये एकही गोल खाल्ला नाही, ७५४ मिनिटं. आता त्याला कसा काढणार? कोच लुईस एन्रिकेने वाटणी केली, लीग ब्राव्होची, चॅम्पियन्स लीग आणि कोपा याची. सप्टेंबरमध्ये अपोएलविरुद्ध पदार्पण, १-०.

वाटणी कुणालाच आवडली नव्हती, दोघांनाही, पण ट्रॉफीच्या बाबतीत बघितलं तर याच्या वाट्याला मोठं घबाड आलं. १३ चॅम्पियन्स लीग, ८ कोपा, एकूण २१ मॅचेस आणि तीन ट्रॉफी. मँचेस्टर सिटीविरुद्ध आग्वेरोची पेनल्टी अडवली. ६ जूनला बर्लिनला युव्हेंटसविरुद्ध ३-१ ने फायनल जिंकली, आपल्याकडे तेव्हा रविवार उजाडून सव्वाबारा वाजले होते मॅच सुरू होताना, सुट्टी होती म्हणून निभावलं. घरच्या देशात जाऊन चषक उचलला, वय तेवीस.

आणि गंमत बघा, तीनच आठवड्यांनी २१ वर्षांखालच्या युरोच्या सेमीफायनलला तो जर्मनीच्या गोलमध्ये होता आणि पोर्तुगालने पाच मारले. ०-५. जर्मनीची जर्सी घातली की याचं नशीब कुठे जायचं कळत नाही.

लेवांडोव्स्कीचा तो सेव्ह कुठल्या मॅचमधला?

१२ मे २०१५, चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलची दुसरी मॅच, म्युनिकला बायर्नविरुद्ध. पहिली बार्साने ३-० ने जिंकलेली. या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये बायर्नच्या लेवांडोव्स्कीने जवळून मारला, टेर स्टेगनला लागून बॉल वर उडाला आणि त्याच्या मागे, गोलकडे, हळूच खाली यायला लागला. अशा वेळी बहुतेक कीपर जमिनीवर पडल्या पडल्या मान वळवून बघत बसतात. हा वळला, उठतोय न उठतोय तोच हात मागे टाकला आणि बॉल लाइनवरून खरवडून बाहेर काढला. स्लो मोशनमध्ये बघा, बॉलचा बराचसा भाग आत गेलेला दिसतो, पूर्ण गेलेला नाही. बार्सा ३-२ ने हरली पण बेरजेत आरामात पुढे. समोरच्या गोलमध्ये पुन्हा नॉयर, बरं का. आणि या वेळी फायनलचं तिकीट धाकट्याकडे.

मग हाफवरून (मैदानाच्या मधल्या रेषेवरून) गोल त्याच्यावरच का व्हायचे?

२०१५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महिन्याभरात दोन झाले म्हणून हा शिक्का बसला. आधी स्पॅनिश सुपरकप, बिल्बाओला, हा बाहेर येऊन हेडरने बॉल क्लिअर करतो, तो जातो मिकेल सान होसेकडे, तो मैदानाच्या मधूनच पहिल्या टचला परत मारतो आणि गोल. बार्सा ४-० ने हरली. मग १६ सप्टेंबर, रोम, रोमाचा आलेस्सांद्रो फ्लोरेन्झी उजव्या लाइनला बॉल घेऊन पळतोय, हाफच्या जरा पुढे मान वर करून बघतो आणि मारतो, बॉल लांबच्या पोस्टला आतून लागून आत.

आता कारण. बार्साचे डिफेंडर हाफपर्यंत चढलेले असतात, त्यांच्या मागे पन्नास मीटर मोकळं मैदान. कीपर लाइनवर उभा राहिला तर मागे टाकलेला प्रत्येक बॉल समोरच्या स्ट्रायकरचा. म्हणून तो पंचवीस मीटर पुढे उभा असतो, डिफेंडरला पासला एक जागा मिळते आणि मागचा बॉल पण साफ होतो. याची किंमत म्हणजे वर्षातून एखादा असा गोल. पण वाचवलेले वीस बॉल टीव्हीवर परत दाखवत नाहीत, खाल्लेला एक मात्र दहा वर्षं फिरतो. फ्लोरेन्झीच्या गोलमध्ये त्याची पोझिशन चूक होती असं मला वाटत नाही. बिल्बाओचा क्लिअरन्स मात्र मधोमध न मारता बाजूला मारायला हवा होता, ते द्यायलाच पाहिजे.

पक्का एक नंबर कधी झाला?

ऑगस्ट २०१६. दोन वर्षं वाटणीत काढल्यावर हे असंच चालणार असेल तर मी थांबणार नाही हे त्याने लपवलं नव्हतं. क्लबला एकाला सोडावं लागणार होतं, ब्राव्हो मँचेस्टर सिटीला गेला आणि राखीव म्हणून अयाक्सचा सिलेसेन आला. लगेच ऑक्टोबरमध्ये सेल्टाविरुद्ध याने मारलेला पास समोरच्याच्या डोक्याला लागून गोल झाला, ४-३ ने हरले, आणि लोकांनी ब्राव्होची आठवण काढली. त्याने खेळायची पद्धत बदलली नाही.

८ मार्च २०१७ ला पॅरिसच्या पीएसजीविरुद्ध ६-१ झालं तेव्हा सगळ्यांना नेमार आणि सेर्जी रोबेर्तो आठवतात. शेवटच्या हल्ल्याची फ्री किक कुणी मिळवली ते परत बघा. हा गोल सोडून हाफच्या आसपास आला होता, बॉल हिसकावला आणि फाउल झाला. त्याच फ्री किकवरून पुढचं सगळं.

जर्मनीकडून हिशोब थोडा चुकता झाला तो त्याच उन्हाळ्यात रशियात, कॉन्फेडरेशन्स कपला. नॉयर जखमी, पहिली मॅच लेनो खेळला, मग हा, आणि फायनलला चिलीविरुद्ध १-० जिंकले. समोर कीपर कोण? ब्राव्हो.

सुरुवातीच्या मॅचेस बघायच्या तर कुठून सुरू करू?

डॉर्टमुंड एप्रिल २०११ चे हायलाइट्स आधी, मग बायर्न ऑगस्ट २०११ ची शक्यतो पूर्ण मॅच, कारण त्याची उभी राहायची जागा हायलाइट्समध्ये कळतच नाही. त्यानंतर म्युनिक २०१५ आणि रोम २०१५ लागोपाठ बघा. अमेरिकेची मॅच वेळ असेल तर, त्यात डेम्प्सीचे दोन गोल पण मस्त आहेत.